बंदूक तिची, पावती कुणाची?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसल्या. रास्त आहे. पोटगीच्या तारखा, रेशनकार्डावरचं नाव, पोलीस चौकीतल्या फेऱ्या हे सगळं बाजूला ठेवून अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांनी आपल्या संघटनेची पावती फाडावी की फाडू नये, यावर आपण कशाला डोकं शिणवायचं?

शिणवायचं अशासाठी, की तिथे ही पावती बाईचं नाव पुढे करून फाडली जाते. बाईच्या रक्षणासाठी बंदूक, आणि बंदुकीच्या रक्षणासाठी संघटना, अशी ती साखळी आहे. आपण चळवळीतल्या बायका 'संघटित व्हा' असं उठताबसता सांगत असतो. त्यामुळे संघटना कुणाची, ती बोलते कुणाच्या नावानं आणि वागते कुणासाठी, हे तपासायला हे उदाहरण फार चांगलं आहे.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवते. बंदूक असावी की नसावी, यावर मी आज बोलणार नाही. माझं मत तुम्हाला माहीत आहे. पण अमेरिकेत तो राज्यघटनेतला हक्क आहे आणि २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो व्यक्तीचा हक्क असल्याचं स्पष्ट सांगितलं आहे. २०२३ सालच्या एका मोठ्या पाहणीनुसार तिथल्या प्रौढांपैकी ३२ टक्के लोकांकडे स्वतःची बंदूक आहे. पुरुषांत हे प्रमाण ४० टक्के आणि बायकांत २५ टक्के. म्हणजे चारातली एक बाई. या बाईनं नॅशनल रायफल असोसिएशनला पाठिंबा द्यावा का, एवढाच आपला प्रश्न.

माझ्या एका मैत्रिणीची मुलगी टेक्सासमध्ये असते. २०२० साली, करोनाच्या काळात, तिनं पिस्तूल घेतलं. त्या काळात तिथे बंदुकांची विक्रमी विक्री झाली आणि नव्यानं बंदूक घेणाऱ्यांत जवळपास निम्म्या बायका होत्या. ही मुलगी नवऱ्यापासून वेगळी झालेली, शहराच्या कडेला एकटी राहणारी. नेमबाजीच्या वर्गाला गेली, तर शिकवणारा माणूस याच संघटनेचं प्रमाणपत्र असलेला. वर्ग संपला आणि हातात सभासदत्वाचा अर्ज आला. वर्षाची वर्गणी ४५ डॉलरच्या आसपास. तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "मावशी, तुला बंदूक आवडत नाही हे मला ठाऊक आहे. पण ती आता माझ्या घरात आहे. ती वापरायची कशी हे यांनीच शिकवलं. तो हक्क उद्या गेला तर भांडणारेही हेच. आणि संघटनेत जा, एकटी राहू नकोस, हे तूच मला लहानपणापासून सांगत आलीस. मग पंचेचाळीस डॉलर दिले तर बिघडलं कुठे?"

युक्तिवाद चांगला आहे. तो झटकून टाकू नका. फोनवर मला त्याचं उत्तर देता आलं नाही. मी तिच्याकडे वेळ मागितला आणि वाचायला बसले. त्या वाचनातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

ही संघटना निघाली १८७१ साली, न्यूयॉर्कमध्ये. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांना नीट नेम धरता येत नाही हे पाहून दोन माजी अधिकाऱ्यांनी काढली. काम काय, तर नेमबाजी शिकवणं आणि स्पर्धा भरवणं. पुढची शंभर वर्षं ती बरीचशी तशीच राहिली. १९३४ साली मशीनगनवर निर्बंध आणणारा कायदा होत होता. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, की सरसकट सगळ्यांनी शस्त्र घेऊन फिरावं हे आपल्यालाही पसंत नाही, त्याला परवाना हवा. आज हे वाक्य संघटनेत कुणी बोललं तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवतील. १९६३ साली अध्यक्ष केनेडींची हत्या ज्या रायफलनं झाली, ती टपालानं मागवलेली होती आणि तिची जाहिरात छापून आली होती याच संघटनेच्या मासिकात. त्यानंतर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि १९६८ चा कायदा आला. त्यातल्या काही भागाला संघटनेच्या नेतृत्वानं मान्यताही दिली. आणि इथेच आतमध्ये ठिणगी पडली.

आता १९७७ सालच्या मे महिन्यातली सिनसिनाटीची वार्षिक सभा. आपण सगळ्या सभा-अधिवेशनांत मुरलेल्या, म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगते. जुन्या नेतृत्वाचा विचार होता की वॉशिंग्टनचं राजकारण सोडावं, कचेरी कोलोरॅडोत हलवावी आणि शिकार, निसर्ग, नेमबाजी यांवर भर द्यावा. आधीच्या वर्षी त्यांनी ऐंशीच्या आसपास नोकरांना काढूनही टाकलं होतं. विरोधी गट तयारीनं आला. डोक्यावर शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या, हातात वॉकीटॉकी, आणि संघटनेचे नियम तोंडपाठ. ठरावामागून ठराव मांडत त्यांनी सभा पहाटेपर्यंत ओढली. उजाडायच्या आत जुने पदाधिकारी गेलेले होते आणि हार्लन कार्टर हे नवे कर्तेधर्ते झाले होते. तेव्हापासून ही संघटना म्हणजे नेमबाजांचं मंडळ उरलं नाही, वॉशिंग्टनमधला सर्वांत दरारा असलेला दबावगट झाली. खासदारांना मतांनुसार गुण द्यायचे, नापास होणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत पाडायचं, अशी पद्धत. संघटनबांधणी म्हणून पाहिलं तर काम चोख, हे मान्य करायला हवं. आपल्याला एखाद्या तालुक्यात तेवढी शिस्त आणता आली असती तर किती बरं झालं असतं!

बायकांकडे तिचं खास लक्ष वळलं ते पुढे. शिकारी पुरुषांची संख्या वाढेना, नवं गिऱ्हाईक हवं. १९८९ च्या सुमारास एका बड्या बंदूक कंपनीनं बायकांसाठी 'लेडीस्मिथ' नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं. १९९३ साली रायफल असोसिएशननं बायकांसाठी मोहीम काढली. तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'बळी व्हायला नकार द्या'. आपल्याच घोषणांतून उचलल्यासारखं वाटतं ना? त्यात बंदूक घ्याच असं थेट सांगितलेलं नव्हतं, हे नमूद करते. पण अशा प्रचारातलं धोक्याचं चित्र ठरलेलं असतं. अंधार, वाहनतळ, एकटी बाई आणि मागून येणारा अनोळखी पुरुष.

आपल्याकडे वेगळं काय घडलं? दिल्लीच्या २०१२ सालच्या घटनेनंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यानं बायकांसाठी 'निर्भीक' नावाचं अर्धा किलो वजनाचं रिव्हॉल्व्हर काढलं. किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात. नाव त्या मृत मुलीला दिलेल्या नावावरून. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत एका राजकीय पक्षानं बायकांना चाकू वाटले होते. या सगळ्यांच्या कल्पनेतला हल्लेखोर अनोळखीच असतो. आपल्या देशातल्या बलात्काराच्या नोंदी काय सांगतात? दहातल्या नऊहून अधिक खटल्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. सासऱ्यावर, दिरावर, मालकावर, रोज एका ताटात जेवणाऱ्या नवऱ्यावर कोणती बाई पर्समधून रिव्हॉल्व्हर काढून रोखणार आहे? आणि रोखलंच, तर त्यानंतर ती जगणार कुठे?

अमेरिकेतही तेच आहे. जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या बाई, मूळच्या परिचारिका, पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक. जोडीदाराच्या हातून खून झालेल्या बायकांचा अकरा शहरांत अभ्यास करून २००३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाती बंदूक येऊ शकत असेल तर बाईचा खून होण्याची शक्यता सुमारे पाचपट वाढते. कॅलिफोर्नियातला २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी बोलका आहे. स्वतःकडे बंदूक नाही, पण घरातल्या दुसऱ्या कुणाकडे कायदेशीर पिस्तूल आहे, अशा माणसांचं काय होतं ते त्यात तपासलं. घरातच जोडीदाराकडून गोळी लागून मरण्याचं प्रमाण बिनबंदुकीच्या घरांच्या सातपट निघालं, आणि अशा मृतांत ८४ टक्के बायका. ज्या बायकांच्या नावावर पिस्तूल आहे त्यांचं काय? त्याच चमूच्या २०२० सालच्या अभ्यासात, पिस्तूलधारक बायकांमध्ये बंदुकीनं आत्महत्या करण्याचं प्रमाण इतर बायकांच्या ३५ पट होतं. पुरुषांमध्ये तोच आकडा आठपट. टेक्सासच्या मुलीला मी हा आकडा सगळ्यात आधी सांगितला. संघटनेच्या अर्जाबद्दल नंतर बोलले.

असे अभ्यास इतके उशिरा का झाले, हेही ऐकण्यासारखं आहे. १९९३ साली आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरात बंदूक असली तर घरात खून होण्याचा धोका वाढतो असं दाखवलं. त्याला पैसा सरकारी आरोग्यसंस्थेचा होता. रायफल असोसिएशननं त्या संस्थेविरुद्ध आघाडी उघडली. १९९६ साली संसदेनं अंदाजपत्रकात एक ओळ घातली, की हा पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरता येणार नाही. शिवाय बंदुकीच्या जखमांच्या संशोधनावर जेवढा खर्च होत होता तेवढेच, २६ लाख डॉलर, कापून टाकले. संशोधनावर बंदी असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण अधिकाऱ्यांनी जो धडा घ्यायचा तो घेतला. या कामासाठी सरकारी पैसा पुन्हा मिळायला २०२० चं अर्थसंकल्पी वर्ष उजाडलं. ती दुरुस्ती आणणारे खासदार जे डिकी यांनीच २०१२ साली हे संशोधन व्हायला हवं असं जाहीर लेख लिहून म्हटलं होतं.

न मोजणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ऐंशीच्या दशकात सुना जळत होत्या आणि पंचनाम्यात 'स्टोव्हचा भडका' असं लिहिलं जात होतं. जळित वॉर्डात जाऊन, माहेरच्यांना भेटून, वर्तमानपत्रांची कात्रणं जमवून बायकांनी ते मोजलं, तेव्हा कुठे १९८६ साली हुंडाबळी हा शब्द दंडविधानात आला. मोजणी थांबवणारी माणसं आपल्या बाजूची आहेत, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. १९९४ साली अमेरिकेत स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायदा झाला. तो ज्या मोठ्या गुन्हेगारीविरोधी कायद्याचा भाग होता, त्याच कायद्यानं असंही ठरवलं की कोर्टानं ज्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश काढला आहे त्यानं तो आदेश असेपर्यंत बंदूक बाळगायची नाही. १९९६ साली पुढचं पाऊल पडलं. घरगुती मारहाणीच्या सौम्य गुन्ह्यात शिक्षा झाली तरी बंदूक नाही. पण जोडीदार म्हणजे कोण? नवरा, माजी नवरा, मुलाचा बाप किंवा एकत्र राहणारा पुरुष. लग्न नाही, मूल नाही, एका छपराखाली संसार नाही, नुसतं प्रेमप्रकरण आहे, तर त्यानं कितीही झोडपलं तरी त्याची बंदूक त्याच्याकडेच. आपल्या २००५ च्या कायद्याच्या वेळी 'विवाहसदृश नातं' हे शब्द त्यात का हवे होते, हे इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. व्याख्येतल्या एका शब्दावर बाईचा जीव टांगलेला असतो.

ही फट बुजवायची म्हणून एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहानं स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याच्या नूतनीकरणात प्रियकर आणि बाईचा पाठलाग करणारे यांचा समावेश केला. रायफल असोसिएशननं विरोध केला. म्हणणं असं, की किरकोळ गुन्ह्यावरून घटनेनं दिलेला हक्क जाऊ नये. हा मुद्दा मी निव्वळ बहाणा म्हणणार नाही, हक्क काढून घेण्याचे कायदे गरिबांवर आणि काळ्यांवरच आधी चालतात हे खरं आहे. पण संघटनेनं 'व्याख्या अशी नको, अशी करा' असं म्हटलं नाही. कोण कसं मत देतं ते आम्ही नोंदवू, असं खासदारांना बजावलं. विधेयक कनिष्ठ सभागृहात २६३ विरुद्ध १५८ मतांनी मंजूर झालं आणि वरिष्ठ सभागृहात अडकलं. शेवटी मार्च २०२२ मध्ये कायद्याचं नूतनीकरण झालं, ते प्रियकराबद्दलचं कलम वगळूनच. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या एका कायद्यानं ती फट अर्धीमुर्धी बुजवली. त्यात अशा पुरुषाला पहिल्या गुन्ह्यानंतर पाच वर्षांनी हक्क परत मिळू शकतो. त्याही कायद्याला संघटनेचा विरोध होता.

आणि मग रहिमी खटला. टेक्सासमधला हा पुरुष. २०१९ साली त्यानं आपल्या मुलाच्या आईला वाहनतळावर फरफटत नेलं आणि कुणी पाहतंय हे लक्षात येताच गोळी झाडली. कोर्टानं संरक्षण आदेश दिला, तरी त्याच्या घरी बंदुका सापडल्या. त्याचं म्हणणं, १९९४ चा कायदाच घटनाबाह्य आहे. २०२३ साली वरच्या कोर्टानं ते मान्य केलं! सर्वोच्च न्यायालयात रायफल असोसिएशननं निवेदन दाखल केलं. कुणाच्या बाजूनं? रहिमीच्या. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं कायदा राखला. बंदुकीच्या हक्काबाबत फार उदार मानलं जाणारं हे न्यायालय, तरी त्यातले आठ न्यायाधीश जिथे थांबले तिथे ही संघटना थांबली नाही.

मुद्दा इथे आहे. टेक्सासच्या त्या मुलीनं बंदूक घेतली ती ज्या भीतीपोटी, त्या भीतीचं नाव आहे वेगळा झालेला नवरा. तिच्या पंचेचाळीस डॉलरमधून जे वकील उभे राहतात, ते अशाच पुरुषाच्या हातात बंदूक राहावी म्हणून बाजू मांडतात.

दुसरी बाजूही आहे, आणि आपण ती ऐकायला हवी. दुबळ्यांच्या हाती शस्त्र हा अमेरिकेत नुसता पुरुषी माज नव्हता. झुंडबळींविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या आयडा बी. वेल्स यांनी १८९० च्या दशकात काळ्या घरांनी रायफल ठेवावी असं लिहिलं. मिसिसिपीतल्या शेतमजूर कार्यकर्त्या फॅनी लू हॅमर यांच्या घरात बंदुका होत्या. १९५६ साली घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनीही परवाना मागितला होता, आणि तो त्यांना नाकारला गेला. म्हणून काळ्या बायकांना 'बंदूक टाका' असा उपदेश करायला मी जाणार नाही.

पण मग या माणसांच्या वेळी संघटना कुठे होती? १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथरचे तरुण उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा ते बंद करणाऱ्या कायद्याला रायफल असोसिएशनचा पाठिंबा होता. ते जुनं नेतृत्व म्हणून सोडून देऊ. २०१६ साली मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल या काळ्या तरुणानं गाडी अडवणाऱ्या पोलिसाला स्वतःहून सांगितलं की माझ्याजवळ बंदूक आहे. त्याच्याकडे परवाना होता. पोलिसानं त्याला गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी संघटनेचं एक मोघम निवेदन आलं, त्यात त्याचं नावही नव्हतं. फ्लोरिडात २०१० साली एका काळ्या आईनं मारहाण करणाऱ्या नवऱ्याला दूर ठेवायला इशाऱ्याची एक गोळी झाडली. कुणाला खरचटलंही नाही. 'मागे हटू नका' हा तिथला २००५ चा कायदा याच संघटनेनं करवून घेतलेला, पण कोर्टानं त्याचा लाभ तिला दिला नाही. २० वर्षांची शिक्षा! पुढे ती रद्द झाली, तडजोड झाली, आणि २०१४ साली इशारा देणाऱ्यांना संरक्षण देणारी दुरुस्ती आली. तिला संघटनेचा पाठिंबा होता, हे प्रामाणिकपणे सांगते. पण बाईची तीन वर्षं तोवर तुरुंगात गेली होती.

आणि कुणी म्हणेल, त्यांच्यात बायका नेत्या आहेत की! आहेत. १९९५ ते १९९८ या काळात मॅरियन हॅमर या संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष होत्या, फ्लोरिडाचा तो कायदा घडवण्यात त्यांचाच मोठा हात. खुर्चीत बाई बसली म्हणजे धोरण बायकांचं झालं, हा भ्रम आपला पंचायतींत आणि पक्षांत केव्हाच गेला आहे.

पैशाची कथा थोडक्यात, कारण ती तितकीशी नवी नाही. १९९१ पासून संघटनेचे सर्वेसर्वा असलेले वेन लापिएर यांनी सभासदांच्या पैशातून खासगी विमानं फिरवली. त्यांच्या उंची सुटांवर पावणेतीन लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला. न्यूयॉर्कच्या महाधिवक्ता लेटिशिया जेम्स यांनी २०२० साली खटला भरला. जानेवारी २०२४ मध्ये लापिएर यांनी राजीनामा दिला आणि पुढच्या महिन्यात ज्यूरीनं त्यांना दोषी धरून सुमारे ४३ लाख डॉलर भरायला लावले. हे पैसे आले कुठून? पंचेचाळीस-पंचेचाळीस डॉलरच्या पावत्यांतून. 'तुझी बंदूक उद्या काढून घेणार आहेत' असं पत्र पाठवून गोळा केलेल्या देणग्यांतून.

'आत जाऊन बदल घडवू' असं म्हणणारे तिथेही आहेत, आणि १९७७ ची ती रात्र बघता ते अशक्य म्हणता येत नाही. पण वार्षिक सभासदाला मत मिळतं ते सलग पाच वर्षं वर्गणी भरल्यावर, नाहीतर आजीव सभासद व्हावं लागतं. संचालक शहात्तर! २०२४ पासून सुधारणावादी संचालक निवडून येऊ लागले, डग हॅम्लिन हे नवे मुख्याधिकारी आले. त्यांचा भर हिशेब साफ करण्यावर आहे, आणि तो व्हायलाच हवा. घरातल्या मारहाणीबाबतची भूमिका बदला, असं मात्र त्या सुधारणांत कुठे दिसत नाही. आणि पाच वर्षं वाट बघत भरलेली वर्गणी त्याच वकिलांकडे जाते.

सोडून जाणाऱ्यांचीही परंपरा आहे. थोरले जॉर्ज बुश शिकारी होते, आजीव सभासद होते. १९९५ साली संघटनेच्या वर्गणीच्या पत्रात सरकारी अधिकाऱ्यांना अत्यंत हीन शब्द वापरले गेले. त्याच एप्रिलमध्ये ओक्लाहोमात सरकारी इमारत उडवून १६८ माणसं मारली गेली, त्यांत बुश यांच्या ओळखीचा एक संरक्षक अधिकारीही होता. बुश यांनी जाहीर पत्र लिहून सभासदत्व सोडलं, पण बंदूक सोडली नाही. गॅबी गिफर्ड्स या खासदारबाईंच्या स्वतःकडे बंदूक होती. २०११ साली त्यांच्या डोक्यात गोळी घातली गेली, त्यातून त्या वाचल्या आणि बंदूकधारकांनाच बरोबर घेऊन कडक तपासणीसाठी संघटना उभी केली. तिथले बहुसंख्य बंदूकधारक तर मुळात सभासद नाहीतच. रायफल असोसिएशन पन्नास लाख सभासद सांगत आली, आणि बंदुका आहेत आठ कोटींहून अधिक प्रौढांकडे. त्या सगळ्यांच्या नावानं बोलण्याचा अधिकार तिला कुणी दिला?

म्हणून माझं उत्तर आहे, नाही. बंदूक घेणं हा तिचा निर्णय आणि वर्गणी देणं हा वेगळा निर्णय. नेमबाजी शिकायला सभासद व्हावं लागत नाही. पिस्तूल कुलपात ठेवायला, गोळ्या वेगळ्या ठेवायलाही लागत नाही. टेक्सासच्या मुलीला मी हेच कळवलं. ती रागावली, दोन महिने बोलली नाही. मग तिनं अर्ज भरला नाही एवढं कळवलं. पिस्तूल अजून आहे.

एक गोष्ट राहिली, ती सांगून थांबते. रहिमी खटल्यानं कायदा वाचला, पण संरक्षण आदेश निघाल्यावर त्या पुरुषाच्या घरून बंदुका आणायच्या कुणी, हे केंद्रीय कायद्यात सांगितलेलंच नाही. राज्याराज्यांत वेगळी रीत, कित्येक ठिकाणी रीतच नाही. 'माझ्याकडे काही नाही' असं त्यानं म्हटलं की कागद फायलीत. सिएटल ज्या किंग काउंटीत येतं, तिथे २०१८ पासून पोलीस, सरकारी वकील आणि पीडित बायकांच्या बाजूनं काम करणारे कार्यकर्ते यांचा एक गट हेच काम करतो. आदेश निघाला की बाईला विचारायचं, त्याच्याकडे कोणत्या बंदुका आहेत, कुठे ठेवतो. मग त्या जमा झाल्या की नाही याचा पाठपुरावा करायचा, तारखेला कोर्टात ते सांगायचं. आपल्याकडे स्त्रीधनाची यादी करून ते सासरहून परत आणायला आपण जशा पोलिसांबरोबर जातो, तसंच किचकट, चिकाटीचं काम. पंचेचाळीस डॉलर द्यायचेच असतील तर अशी माणसं टेक्सासमध्ये शोध, असं मी तिला दुसऱ्या पत्रात लिहिलं आहे. उत्तर अजून यायचं आहे.

आता तुम्ही बोला. मागच्या रांगेतून मघापासून एक हात वर आहे.